बंद घराची राखण

‘घर बंद असल्याचा फायदा घेत अज्ञात चोरट्यांनी दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला व कपाटातील सोन्याचे दागिने आणि रोकड असा ऐवज लंपास केला.’ ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांत हे वाक्य वर्षानुवर्षं छापून येतंय. कधी अंबरनाथ, कधी बदलापूर, कधी उल्हासनगर. ऐवजाचा आकडा तेवढा बदलतो. इतक्यांदा वाचून झाल्यामुळे नजर त्यावरून घसरून पुढच्या बातमीवर जाते. पण या पुस्तिकेची प्रस्तावना लिहायची म्हणून ते वाक्य पुन्हा सावकाश वाचलं, तर विषयाचं सगळं सार त्यातच निघालं. घर बंद होतं. तुटला तो कोयंडा, कुलूप शाबूत होतं. दागिने कपाटात होते. आणि चोर ‘अज्ञात’ होते, म्हणजे येताजाता त्यांना कोणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं, पण कोणाला काही खटकलं नाही.

घराच्या संरक्षणाची तयारी म्हटलं की आपल्या मनात मात्र भलतंच चित्र उभं राहतं. मध्यरात्र, स्वयंपाकघरात खुडबुड, उशाशी ठेवलेली काठी, आणि काठी घेऊन उठलेला घरचा कर्ता पुरुष. गुन्हेगारीवरच्या टीव्ही मालिकांनी हे चित्र आणखी रंगवलं. असा प्रसंग येतच नाही असं नाही, आणि आला तर काय करायचं हेही पुस्तिकेत आहे. पण आपल्या पट्ट्यात ज्याला खरी राखण लागते ते घर बहुतेकदा रिकामं असतं. काठी उगारायला तिथे कोणी नसतंच. म्हणून या विषयाची सुरुवात शस्त्रापासून करण्यापेक्षा लोकलच्या वेळापत्रकापासून केलेली बरी.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. धीम्या गाडीने दीड-पावणेदोन तास धरून चालायचं, त्यात स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि रिक्षाची रांग वेगळी. सकाळी सातला निघालेला माणूस रात्री आठ-साडेआठला परततो. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मुलं शाळेतून परस्पर क्लासला, आजी-आजोबा गावी. म्हणजे दहा-बारा तास घराला कुलूप, तेही रोज, ठरल्या वेळी, रविवार आणि सण सोडून. चोराला पाळत ठेवायला फार दिवस लागत नाहीत. जिन्यावरच्या चपलांच्या स्टँडवरून आणि दारात पडलेल्या वर्तमानपत्रावरून घरचं वेळापत्रक कळतं.

१९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. त्यांना कोडं पडलं होतं ते असं: दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पगार वाढले, शिक्षण वाढलं, राहणीमान सुधारलं, मग चोऱ्या कमी होण्याऐवजी वाढल्या कशा? त्यांचं उत्तर चोराच्या मनात शिरत नाही. ते म्हणतात, चोरी घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: चोरी करायला तयार असलेला माणूस, उचलण्याजोगी वस्तू, आणि राखणदाराची गैरहजेरी. महायुद्धानंतर बायका मोठ्या संख्येनं कामाला जाऊ लागल्या, दिवसा घरं ओस पडू लागली, आणि घरातल्या महागड्या वस्तू वजनाला हलक्या झाल्या. चोर होते तेवढेच राहिले तरी संधी वाढली. बदलापूरच्या माणसानं हा निबंध वाचला तर तो आपल्याच सोसायटीवर बेतलाय असं त्याला वाटेल. आपल्याकडे तर हलक्या आणि महाग वस्तूची वाट पाहावी लागली नाही; पाटल्या-बांगड्या, मंगळसूत्र, मोहनमाळ पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेतच.

तिन्ही शहरं रेल्वेच्या एकाच मार्गावर असली तरी त्यांचं रिकामपण सारखं नाही. उल्हासनगर ही मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधली भरली घरं मागे टाकून आलेल्या कुटुंबांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नगर झालं. पाच कॅम्प, अरुंद गल्ल्या, खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे शिलाई यंत्रांचा कारखाना. दिवसभर कोणी ना कोणी ओट्यावर असतं. तिथे दिवसाढवळ्या अनोळखी माणूस गल्लीत दोनदा फिरला तर तिसऱ्यांदा त्याला ‘कौन चाहिए, भाई?’ असं विचारलं जातं. तिथला घोर रात्रीच्या शटरचा आणि पत्र्याच्या छपरांचा. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणीची वसाहत आहे, औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या आहेत. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा घरात झोपलेला असतो, म्हणजे दुपारी तो नकळत सगळ्या मजल्याची राखण करतो आणि रात्री त्याचंच घर उघडं पडतं.

बदलापूरची गोष्ट वेगळी. २००१ साली लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरही भातखाचरं बुजवून इमारती उभ्या राहतच आहेत. लोक आले ते परळ-लालबागहून, डोंबिवलीहून, खानदेशातून, कोकणातून. एका मजल्यावर चार दारं; एक भाडेकरू, एक मालक, एक गुंतवणूक म्हणून घेतलेला आणि कायम बंद असलेला फ्लॅट, आणि चौथ्यात कोण राहतं ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. तिथे दुपारी दोन वाजता खांद्याला बॅग अडकवलेला माणूस चौथ्या दाराचं लॅच उघडत असला, तर समोरची काकू दाराच्या भिंगातून पाहून आत निघून जाते. तिचं तरी काय चुकलं? तो चौथ्या फ्लॅटचा मालकही असू शकतो.

पुस्तिकेतलं दारावरचं प्रकरण मला सगळ्यांत उपयोगी वाटलं, कारण ते सुतारकाम जाणणाऱ्या हातानं लिहिलंय. जुन्या वाड्याचा दरवाजा आठवून पाहा. आत आडवा अडसर, त्याची दोन्ही टोकं भिंतीत कोरलेल्या भोकांत. बाहेरून धडक मारली तर जोर फळ्यांवरून अडसरावर आणि अडसरावरून भिंतीत जायचा. दार फोडायचं म्हणजे भिंतीशी झुंज. आता आपल्या फ्लॅटच्या दाराकडे पाहा. फ्लश डोअर म्हणजे दोन्ही बाजूंना प्लायवुडचे पातळ पदर आणि मध्ये हलक्या लाकडाचं भरण. त्यावर बाहेरून कडी, आणि चौकटीवर कोयंडा. कोयंड्याला चार स्क्रू, तेही इंचभराचे, त्यातले दोन बिल्डरच्या माणसानं घाईत हातोडीनं ठोकून बसवलेले. या कोयंड्यात आपण हजार-दीड हजाराचं आठ लिव्हरचं कुलूप अडकवतो आणि निर्धास्त होतो. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून मुंबईच्या कुलपाला नाव आहे आणि ते खोटं नाही. पण चोर कुलपाच्या नादी लागतच नाही. कटावणीचं चपटं टोक कोयंड्याखाली सारतो, दुसरं टोक दाबतो, आणि चारही स्क्रू लाकडाच्या भुश्यासकट बाहेर येतात. मग कुलूप तसंच बंद, चकचकीत, कोयंड्यासकट जमिनीवर पडलेलं सापडतं.

उपाय महाग नाही. स्क्रूऐवजी चौकटीतून आरपार जाणारे बोल्ट, आतल्या बाजूला वॉशर आणि नट. चौकट भिंतीला होल्डफास्टनं नीट धरलीय का ते पाहणं. प्लास्टरवर चौकटीच्या कडेनं बारीक भेग असेल तर ती धरलेली नाही असं समजायचं. लॅचचंही तसंच. दार नुसतं ओढून घेतलं की लॅचची तिरकी जीभ स्प्रिंगवर बसते. तिला मागे सारायला प्लास्टिकची पट्टीही पुरते. किल्लीचे दोन फेरे दिले की आतला चौकोनी बोल्ट बाहेर येतो आणि पट्टीचं काही चालत नाही. सात सत्तावीसची बदलापूर लोकल असो की आठ पाचची, घाई प्रत्येकाला असते. पण ते दोन फेरे चुकवून गाडी मिळाली असं फार थोड्यांचं झालं असेल. सेफ्टी डोअर लावणाऱ्यांनी बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला येतात का तेवढं बघावं. आणि शक्य तिथे बाहेरून लोंबणारं कुलूप काढून दारातच बसणारं कुलूप लावावं. लोंबतं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी दारावर लावलेली पाटी.

खिडकीच्या ग्रिलबद्दल मात्र मला पुस्तिकेपेक्षा जास्त ठासून सांगायचंय. बाहेर काढलेली पेटीसारखी ग्रिल आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिच्याशिवायची इमारत अपुरी वाटते. तिच्यात कुंड्या बसतात, कपडे वाळतात, जागा वाढते. चोराला ती दोन प्रकारे सोयीची: खालच्या मजल्याची ग्रिल वरच्या मजल्याची शिडी होते, आणि तिच्याआड उभं राहिलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही. घरच्यांना ती एका प्रकारे घातक: आतून उघडत नाही. आपल्या शहरांचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास आठवा. २६ जुलै २००५ला उल्हास नदी घरांत शिरली. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढावे लागले; त्याच पाण्यात नदीकाठच्या सोसायट्यांचे तळमजले होते. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. आगीचं तर वेगळं सांगायला नको. चोर एखाद्याच घरी येतो, पाऊस सगळ्यांकडे येतो. तेव्हा प्रत्येक ग्रिलला आतून उघडणारी एक झडप हवी, तिला कुलूप असलं तर किल्ली हाताशी पण बाहेरून हात घालून मिळणार नाही अशी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक हवं. गच्चीच्या दाराची किल्ली फक्त सेक्रेटरीच्या खिशात असणं हे तर चोरापेक्षाही वाईट.

सुट्ट्यांचा प्रश्न रोजच्या कुलपाहून निराळा. गणपतीला अर्धी इमारत कोकणात, मे महिन्यात उरलेली गावी. या दिवसांत घर आपण होऊनच बोलतं. दुधाची पिशवी, दाराखालून डोकावणारी वीजबिलं, पुसून गेलेली आणि पुन्हा न काढलेली रांगोळी, दिवसाही जळत राहिलेला बाहेरचा दिवा. हा दिवा चोराला चकवेल म्हणून लोक लावून जातात. भर दुपारी तो चुगली करतो. त्यात आता व्हॉट्सॲपचं स्टेटस. गाडी सुटायच्या आत फलाटावरचा हसरा फोटो आणि खाली ‘चलो कोकण!’ हे स्टेटस नातेवाइकांबरोबर केबलवाला, इस्त्रीवाला, जुना भाडेकरू असे सगळेच पाहतात. त्यातला कोणी चोर आहे असं नाही, पण बातमी एकदा निघाली की कोणाच्या कानापर्यंत जाईल ते आपल्या हातात राहत नाही. फोटो परत आल्यावर टाकले तर आंबे आंबट होत नाहीत.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे, तरी त्यालाही मर्यादा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला शेजारचा गाळा भाड्यानं घेऊन, त्यातून बँकेपर्यंत भुयार खणून चोरांनी तीस लॉकर फोडले. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमांनुसार बँकेकडे चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याचा अपहार झाला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. आजच्या भावानं दोन लाखांत येतं किती सोनं, ते सराफाला विचारा. विम्याचंही आधीच पाहून घ्यावं. घरासाठीची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप यांच्यासाठी आहे. नुसत्या घरफोडीचं संरक्षण त्याखेरीज वेगळं घ्यावं लागतं. कागद न वाचता ‘आमचा विमा आहे’ म्हणणारे बरेच असतात.

आता शेजार. पुस्तिकेचा कणा मला इथे दिसतो. जुन्या गावगाड्यात राखणीचं काम रामोशी-जागल्यांकडे होतं, आणि त्यात एक कडक जबाबदारी होती: चोरी झाली तर माग काढायचा. पावलांचा माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला हे दाखवून दिलं की ओझं त्या गावावर. नाही दाखवता आलं तर भरपाई यांच्या गळ्यात. याच राखणदार जमातींपैकी कित्येकांना आणि इतर भटक्यांना इंग्रज सरकारनं १८७१पासूनच्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या, संशय मात्र गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलेल्याला हा संशय पोटात किती खोल शिरतो ते माहीत आहे. इमारतीत ‘दक्षता समिती’ काढताना पहिला नजरेचा रोख भंगारवाल्यावर, मोलकरणीवर आणि नेपाळी वॉचमनवर जातो, तो याच सवयीनं. वॉचमनचीच गोष्ट घ्या. बारा तासांची पाळी, पंप चालू-बंद करणं, कचऱ्याचे डबे, गाड्यांना जागा, कोणाचं पार्सल घेणं. यातून वेळ उरला तर राखण. ज्याला आपण पाच कामं लावली, त्याच्याकडून सहाव्याची अपेक्षा करायची तर निदान रात्रीचा दुसरा माणूस हवा.

शेजार कामाला कसा लावता येतो याचं एक नमुनेदार उदाहरण इंग्लंडमधलं आहे. रॉचडेल गावाजवळच्या कर्कहोल्ट नावाच्या कामगार वस्तीत १९८६च्या सुमारास घरफोड्यांनी उच्छाद मांडला होता. तिथे लक्षात आलं की जे घर एकदा फुटतं तेच पुन्हा फुटायचा धोका जास्त असतो. चोराला वाट ठाऊक झालेली असते आणि विम्यातून नवी वस्तू आलेली असते. मग सगळ्या वस्तीवर पहारा ठेवत बसण्यापेक्षा, फुटलेल्या घराच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांना विश्वासात घेतलं: एवढंच घर बघा, काही खटकलं तर कळवा. जोडीला घरातली नाण्यांवर चालणारी मीटर काढली, कारण चोर त्यातली नाणी फोडून नेत. घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. मला यातलं आवडतं ते त्याचं आटोपशीर माप. सातमजली तीन विंगांच्या सोसायटीनं सगळ्यांनी सगळ्यांवर लक्ष ठेवायचं ठरवलं की कोणीच ठेवत नाही. समोरच्या आणि बाजूच्या दारांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले, आणि ‘आज प्लंबर येणार आहे’, ‘भाऊ येईल, किल्ली त्याच्याकडे आहे’ एवढं कळवलं, तर भिंगातून पाहणाऱ्या काकूला निदान कळेल की आज त्या दाराशी कोण असायला हवं. मग जो नसायला हवा तो आपोआप ओळखू येतो.

पण राखणीला अफवेची जोड मिळाली की काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना चोर समजून मारलं गेलं, पोलीस समोर असताना. त्याआधी कित्येक रात्री त्या भागातली गावं चोर आल्याच्या अफवांनी जागत होती. पालघर २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता, तेव्हा हे कुठे दूरच्या मुलखातलं आहे असं म्हणायची सोय नाही. चड्डी-बनियान टोळी आली असा संदेश आपल्या ग्रुपवरही अधूनमधून फिरतो, बरेचदा भलत्याच गावचा, चार वर्षांपूर्वीच्या व्हिडिओसकट. रात्रीची गस्त घालायचीच असेल तर पोलीस ठाण्याला कळवून, ओळखीच्या चेहऱ्यांनी, टॉर्च आणि शिट्टी घेऊन घालावी. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिकानं धरून ठेवायला कायद्याची मुभा आहे. पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं, आणि धरणं म्हणजे मारणं असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.

यातूनच तो दुसरा प्रसंग येतो, माणसं घरात असताना चोर आत शिरण्याचा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव, तसंच मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरायचा हक्क प्रत्येकाला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याच्या बाबतीत हा हक्क प्रसंगी त्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो; दिवसाच्या चोरीत तसा तो पोहोचायला मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते. मात्र दोन लगाम कायम आहेत. संरक्षणासाठी लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. तेव्हा हात वर करून शरण आलेल्याला किंवा बांधून ठेवलेल्याला झोडपलं, तर सकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात घरमालक उभा असू शकतो. पण कायद्याआधी अक्कल. कटावणी घेऊन आलेल्या माणसाला बाहेर पडायची वाट हवी असते. ती अडवून उभं राहणं म्हणजे त्याच्या हातातल्या लोखंडाला काम देणं. दागिने पुन्हा करता येतात.

म्हणून पुस्तिका प्रत्येक घराला एक खोली ठरवायला सांगते: आतून भक्कम बोल्ट, फोनला रेंज, शक्य तर रस्त्याकडे खिडकी. आवाज आला की सगळ्यांनी तिथे जायचं, बोल्ट लावायचा, दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा आणि ११२ फिरवायचा. यातलं अवघड काम पत्ता सांगण्याचं. बदलापुरात पूर्वेचं पोलीस ठाणं वेगळं, पश्चिमेचं वेगळं; घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ‘बदलापूर, स्टेशनजवळ’ एवढंच निघतं. उल्हासनगरात तर कॅम्प, सेक्शन, बराकीचा बी. के. नंबर आणि मग खोली असा पत्ता. तो टपालवाल्याला कळतो, नियंत्रण कक्षात बसलेल्याला लगेच कळेलच असं नाही. तेव्हा पत्ता आणि जवळची ठळक खूण एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्या खोलीत चिकटवावी आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलीकडून आणि सत्तर वर्षांच्या आजीकडून एकदा वाचून घ्यावी. आजीसाठी आणखी एक. दुपारी ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणत येणाऱ्यांना दार फोडावं लागत नाही, आजीच ते उघडते. दाराची साखळी तिच्यासाठी आहे, आणि साखळी न काढता कोणाशीही बोलायचा तिला पूर्ण अधिकार आहे, समोरचा कितीही ‘आई, आई’ करत असला तरी.

चोरी होऊन गेल्यावर काय, याचं शेवटचं प्रकरण लोक वाचतील तेव्हा उशीर झालेला असेल, म्हणून त्यातलं थोडं इथेच सांगतो. उचकटलेलं कपाट आवरायला घेऊ नका. पंचनामा आणि बोटांचे ठसे होईपर्यंत घर तसंच राहू द्या. तक्रार ऑनलाइन नोंदवली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. दुसऱ्या हद्दीतला गुन्हाही नोंदवून घेऊन तिकडे पाठवायचा असतो. चोर सापडला आणि माल मिळाला, तर तो आपलाच आहे हे दाखवावं लागतं. इथे कित्येक बायकांचं सोनं अडकतं, कारण सासूनं दिलेल्या पाटल्यांचं बिल कोणाकडे असणार? दागिन्यांचे एकेक फोटो आत्ताच काढून ठेवा, अंगावर घातलेले लग्नातले फोटोही चालतात. नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरा-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलंय की दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू फोटो आणि पंचनामा करून मालकाला लवकर परत द्याव्यात, खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्यात पडू देऊ नयेत. अर्ज करताना वकिलाला या निकालाची आठवण करून द्यायला हरकत नाही.

सीसीटीव्हीचं प्रकरण मला गरजेपेक्षा लांब वाटलं. कॅमेरा चोराचा रुमाल बांधलेला चेहरा दाखवतो, आणि हुशार चोर जाताना डीव्हीआरही उचलून नेतो; तो दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवलेला असला की त्याचं काम आणखी सोपं. डीव्हीआर नजरेआड, इन्व्हर्टरवर, आणि महिन्यातून एकदा चित्र येतंय ना ते पाहणं, एवढं केलं तरी पुष्कळ. पावसाळ्यात वीज गेल्यापासून कॅमेरे बंदच होते हे चोरीनंतर कळलं अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दुकानांच्या शटरचा विषय पुस्तिकेत नाही, आणि उल्हासनगरच्या वाचकाला ती उणीव जाणवेल. गजानन मार्केटच्या गाळ्याची राखण आणि बदलापूरच्या वन बीएचकेची राखण यांचा हिशेब वेगळा आहे. ती स्वतंत्र पुस्तिका व्हावी.

वेळ कमी असलेल्या वाचकानं पुस्तिका क्रमानं वाचायची गरज नाही. आधी दाराचं प्रकरण वाचून कोयंड्याचे स्क्रू स्वतः पेचकस लावून पाहावेत. फिरवल्यावर घट्ट न होता नुसतेच फिरत राहिले तर त्याच आठवड्यात सुताराला बोलवावं. मग शेजाराचं प्रकरण, तेही शक्य तर समोरच्या घरातल्यांबरोबर बसून. कायद्याचा भाग सवडीनं वाचला तरी चालेल. सोसायटीच्या समित्यांनी मात्र तो वार्षिक सभेआधी वाचावा, विशेषतः गस्तीचा ठराव कोणी मांडणार असेल तर.